अंतरपाटाआडची बाई

काल्याचं कीर्तन संपलं, कपाळावरचा बुक्का अजून ताजा होता, तोच कुळगावच्या मांडवात दुसरी रांग लागली. पाटावर भारहरणबाबा बसले होते. चिमटीत दोरा, दोऱ्याला रुद्राक्ष. माणसाच्या डोक्यावर धरला की रुद्राक्ष आपोआप फिरे. फेरा मोठा, तेवढा मनावर भार मोठा!

"डॉक्टर ब्लड मापतो, आपण आत्मा मापतो! गोळी भार दाबते, माऊली. आपण मुळासकट उपटतो!"

कुंदा टाळ हातात घेऊन पाहत होती. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. माणसाची उदासी नेमकी कशी मोजावी, यावर तिचं संशोधन. कीर्तनात मात्र कायम पहिल्या ओळीत. गेल्या वर्षी याच बाबाने तिच्या धाकट्या बहिणीच्या, मालिनीच्या उदासीवरच्या गोळ्या सोडवल्या होत्या. "भार उतरला," म्हणाला. मालिनी मांजर्लीच्या बाजूने उल्हास नदीत उतरली, ती परत आलीच नाही. कुंदाला आज त्याचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं, तेही चारचौघांत.

रांगेतल्या कमळाबाईंनी सुनेला, विनिताला पुढे ढकललं. रुद्राक्ष गरगरला.

"बाळंतपणात मेलेली बाई बसलीय हिच्यावर. गोळ्या आजच नदीत!"

"आई, नको ना! गोळ्यांनीच जरा झोप लागते मला."

"गप गो! बाबांपेक्षा तुला जास्त कळतंय?" कमळाबाईंनी पाकीट हिसकावलं.

"थांबा काकी." कुंदा पुढे झाली. "बाबा, लग्नात धरतात तसा अंतरपाट धरू. माणूस पलीकडे, तुम्ही अलीकडे. आत्मा मापणाऱ्याला कापड काय अडवणार?"

सगळा मांडव बघत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. "आत्म्याला कसला पडदा!" बाबा हसले.

दोघींनी शाल ताणून धरली. कुंदाने आधी विनितालाच पलीकडे बसवलं. रुद्राक्ष जेमतेम हलला. "हलका जीव. एकदम क्लीन!"

लोक कुजबुजले. दुसऱ्या खेपेला शालीखालून लुगड्याचा काठ तेवढा दिसला आणि रुद्राक्ष भन्नाट फिरला. "अरेरे! ही बाई आतून पोकळ झालीय. हिला घरात मारझोड होते!"

शाल खाली आली. पलीकडे लुगडं गुंडाळलेला पखवाज!

"मारझोड तर रोजचीच, बाबा," पखवाजवाले दौलतराव म्हणाले, "दोन्ही गालांवर!"

मांडव फुटला हसून. कुंदाने रुद्राक्षाचा दोरा कमळाबाईंच्या हातात दिला. "काकी, हात स्थिर ठेवा. फक्त मनात म्हणा, गोल फिर."

रुद्राक्ष फिरू लागला. कमळाबाई किंचाळल्या, "आगं बाय! मी नाय हलवत!"

"बोटं हलवतात. मनात आलं की बोट इतकं बारीक हलतं, की आपल्यालाही कळत नाही. बाकी सगळं हे तुमचा चेहरा वाचून सांगतात."

"अश्रद्धेने व्हायब्रेशन बिघडलं!" बाबा ओरडला.

"माझ्या मालिनीची श्रद्धा कुठे कमी पडली होती रे?"

बाबा पंचा आवरून उठला. कमळाबाईंनी खांद्याला धरून त्याला परत पाटावर आदळलं, बायांनी मांडवाची दारं अडवली, कुणीतरी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत त्याला घाम फुटला, त्याने पाणी मागितलं. काल्याच्या मांडवात कुणी तहानलेलं राहत नाही. त्या दिवशी त्याच्या हातात कुणी भांडं दिलं नाही. कुंदाने डोळे भरून पाहिलं.

मग ती माईकवर बोलली. "हरिनाम पोटभर घ्या, मीही घेते. पण पडदा धरला की बदलतं, ते माप नव्हे. माझंही माप असंच पडदा धरून तपासा, माझी हरकत नाही. आणि गोळी थांबवायची असेल तर ज्याने दिली त्या डॉक्टरलाच विचारा. माझ्या बहिणीने दोऱ्याला विचारलं होतं."