डोक्यातलं वावर

साठी उलटल्यावर मला अक्षरं आली. नात दीपमाला तेव्हा मास्तरकी शिकत होती. सरावाला पोरं मिळेनात, म्हणून तिनं आजा धरला. वर्षभरात मी ‘देवाजी’ एवढं लिहायला लागलो आणि जिथं लोक अंगठा मागत तिथं पेन मागू लागलो. आमच्या गुडीहत्नूर गावच्या रेशन दुकानात माझ्या मागं कोणी उभं राहत नसे. माझी सही संपेपर्यंत दुकान बंद होईल, अशी त्यांना भीती.

मग लकवा मारला. उजवा हात गेला. सही तर गेलीच, पण ज्याला मी इतकी नावं ठेवली तो अंगठाही उठेना.

दीपमालाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. आमच्या बौद्ध लग्नात वंदना झाली की दोन्हीकडची माणसं वहीत साक्षीदार म्हणून सही करतात. मुलीकडून मी करणार, हे मीच गावभर सांगून ठेवलेलं. आता तिथं डावा अंगठा टेकवावा लागणार, याचं मला लकव्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

हैदराबादच्या एका दवाखान्यात लकव्यावर संशोधन चालू होतं. दिवाळीआधी दीपमाला मला तिथं घेऊन गेली. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडातला मगज काढला, त्यातल्या मूळपेशी वाढवल्या, त्यांना लोखंडाच्या अगदी बारीक कणांची खूण केली आणि कवटीला लहानसं भोक पाडून मेंदूतल्या मेलेल्या जागेच्या कडेनं सोडल्या.

“लोखंड एमआरआयमध्ये काळं दिसतं,” डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या. “म्हणजे पेशी कुठं बसल्या, कुठं सरकल्या, ते आम्हाला कळेल. तुम्ही मात्र रोज हाताचा व्यायाम करायचा.” त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला.

पेशींचं मला लगेच समजलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वावरात सरकी टोबली. बोटानं भोक पाडायचं, बी सोडायचं, माती ओढायची. आणि टोबलेल्या वावरात कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही, बांधावर काट्याची फांदी आडवी टाकायची. डॉक्टरबाई शहरातल्या, त्यांना हे सांगायचं राहून गेलं असेल असं मला वाटलं. मी आपली राखण सुरू केली. हात हलला की खांदा हलतो, खांद्यानं मान हलते, मान हलली की वावर तुडवलं जातं. मी भिंतीला टेकून बसलो तो बसलोच. फोनमध्ये चुंबक असतो असं कळल्यावर फोनही दुसऱ्याला धरायला लावू लागलो.

“काऊन जी, चेंडू फळीवर काऊन ठेवला?” बायको ताराबाईनं विचारलं.

“उगवू दे आधी. मंग पाहू.”

“डॉक्टरीन म्हणे रोज दाबा.”

“तिनं कधी सरकी टोबली हाय का?”

“नाई. अन् तुमी कधी डोकं फाडलं हाय का कोनाचं?”

मान हलवायची नव्हती, म्हणून मी नुसते डोळे दाराकडं वळवले.

जानेवारीत पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर काळे ठिपके दाखवले. सोडले होते तिथंच, ओळीनं.

“राखणच तशी केली,” मी म्हणालो.

“कसली राखण?”

मी ऐटीत सगळं सांगितलं. काट्याच्या फांदीसकट. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी माझ्या उजव्या तळहातात आपलं बोट ठेवलं.

“दाबा.”

काहीच झालं नाही.

“बाबा, ठिपका फक्त जागा सांगतो,” त्या म्हणाल्या. “पेशी जिवंत आहे की नाही, हे सांगत नाही. ती मेली तरी लोखंड तिथंच काळं दिसतं. आणि जिवंत असली तरी हातानं काही मागितलंच नाही, तर ती करणार काय?”

परत येताना आदिलाबादच्या बसमध्ये दीपमाला खिडकीबाहेर पाहत बसली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “आबा, लग्नात दुसऱ्या कोणाला सही करू देऊ का?”

घरी सगळं ऐकून ताराबाई म्हणाली, “म्हंजे टोबलं, अन् मंग डवरा मारून माती हालवलीच नाई. दुसऱ्या कोन्या मालकानं असं केलं असतं, तं तुमीच गावभर हसत फिरले असते.”

तिनं माझ्यापुढं कापसाचा ढीग ओतला. उजव्या हातानं एकेक सरकी सोडवायची, ती म्हशीला घालायची. पहिले कित्येक दिवस मी नुसता कापूस चिवडत होतो. “म्हैस उपाशी मरते जी,” ती जातायेता म्हणायची. होळीच्या सुमारास एक सरकी सुटली. मी घरभर दाखवली. म्हशीनं बघितलंही नाही.

पुढं बोटं पेन धरू लागली. हे पेशींनी केलं की कापसानं, एका माणसावरून सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. फोन मी स्वतः धरला होता.

लग्नात वही माझ्यापुढं आली. ‘देवा’ कागदावर मावलं, ‘जी’ घसरून टेबलाच्या कापडावर गेला. नवरदेवाचे मामा वाकून बघत म्हणाले, “हे काय लिवलं जी?”

“आबाची सही आहे,” पांढऱ्या साडीतली दीपमाला म्हणाली. “लकव्याच्या आधीपासून अशीच आहे.”

इतका मोठा अपमान मी इतक्या आनंदानं कधी घेतला नव्हता. तेवढ्यात ताराबाईनं शाईत अंगठा बुडवला, माझ्या सहीशेजारी टेकवला आणि वही माझ्याकडं वळवली.

“पाहा,” ती म्हणाली, “माहा कसा साफ उठला.”