आडवे हात

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये लोक पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि पाळकसाहेब एकेकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवतात. ज्याला भाकर घ्यायची नसेल त्याने हात छातीवर आडवे धरायचे. मग पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसता आशीर्वाद देतात. ही सोय लहान मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी. दोघा भावांतला, लिफ्ट दुरुस्त करणारा धाकटा या दोन्हींत बसत नव्हता. तरी अकरा वर्षं तो हात आडवे धरूनच गुडघे टेकत होता.

"उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं," बाकावर परत येताना तो बायकोला सांगे.

भावाशी समेट झाल्याशिवाय प्रभूच्या मेजापाशी भाकरीसाठी हात पसरू नये, असं त्याला लहानपणी शिकवलं होतं आणि दुर्दैवाने ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. आम्हालाही तेच शिकवलं होतं. पण रविवारी सकाळी आमची स्मरणशक्ती जरा मंद चालते.

"अहो, घ्या की एकदा," बायको म्हणे. "देव काय तुमचा राग तपासत बसलाय?"

"तो नसेल. मी तपासतो ना. दर महिन्याला बघतो. आहे तिथंच आहे."

राग थोरल्यावर होता. आई शेवटची आजारी पडली तेव्हा धाकटा परगावी एका हॉस्पिटलची लिफ्ट बसवत होता. थोरला 'आज जरा बरी दिसतेय' म्हणत दोन दिवस थांबला आणि मग त्याने निरोप धाडला. धाकटा पोचला तेव्हा शेजारणी चहाचे कप विसळत होत्या. जाताना आईने थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवला, हे त्याला त्यांच्याकडूनच कळलं.

पुढे थोरल्याच्या फरशांच्या एका दुकानाची तीन झाली, मुलं मार्गी लागली, साठीतही सगळे दात स्वतःचे राहिले. मंडळीत हे सगळं एकाच खात्यावर जमा होई. "आईचा हात लागलाय त्याला. आशीर्वादित माणूस!"

धाकट्याला दुकानं नको होती. दातांचंही त्याने मनाला लावून घेतलं नव्हतं. त्याला तो हात हवा होता. कधी बंद लिफ्टच्या छपरावर बसून दोरांना ग्रीस लावताना तो टोपी काढी आणि स्वतःचाच तळहात टाळूवर ठेवून पाही. केसांना ग्रीस लागे. बाकी काही होत नसे.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी थोरल्याला उभं केलं. विषय होता, देवाचा आशीर्वाद म्हणजे काय. थोरल्याने दुकानं सांगितली, मुलं सांगितली, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. "आणि आईनं जाताना माझ्या डोक्यावर..." इथवर येऊन तो थांबला, पाणी प्याला आणि खाली बसला. आम्ही सगळ्यांनी रुमाल काढले. इतकं चांगलं भाषण फार दिवसांत झालं नव्हतं.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. धाकटा नेहमीसारखा कठड्यापाशी गुडघे टेकून बसला. शेजारी कोणीतरी धापा टाकत टेकलं. पाहतो तो थोरला. आणि त्याचेही हात छातीवर आडवे!

"तुला काय झालं?" धाकट्याने विचारलं. अकरा वर्षांतला हा पहिला प्रश्न.

"छोट्या, तो हात माझा नव्हता रे."

"म्हणजे?"

"आईला दिसत नव्हतं शेवटी. मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि नाव घेतलं तुझं. 'छोट्या, आलास?' म्हणाली. मी म्हणालो, 'आलो, आई.'"

पाळकसाहेब ताट घेऊन दोघांसमोर येऊन थांबले होते. मागे रांगेत खोकला सुरू झाला.

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तिला खरं सांगितलं असतं तर ती तुझी वाट बघतच गेली असती. आणि नंतर..." थोरल्याने नाक ओढलं. "नंतर सगळे म्हणायला लागले, तुला आशीर्वाद मिळाला. मलाही तो हवाच होता रे."

"आता राग आणखी वाढला माझा," धाकटा म्हणाला.

"वाढू दे," पाळकसाहेब हळूच म्हणाले. ताट कठड्यावर टेकवून त्यांनी एकेक हात दोघांच्या डोक्यांवर ठेवला. नुसतेच हात ठेवून उभे राहिले.

त्या हाताखालूनच धाकट्याने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"नेहमीचंच."

"काय नेहमीचं? नीट सांग, दादा. तिच्यासारखं सांग."

तीन दुकानांच्या मालकाने भर चर्चमध्ये डोळे मिटले आणि शेवटचं अक्षर लांबवत, बारीक आवाजात म्हटलं, "जेवलास काऽ?"

धाकट्याचे आडवे हात सुटले.

"नाही गं," तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी त्याच्या तळहातावर भाकर ठेवली. मग दुसरा तुकडा मोडून ते थोरल्याच्या आडव्या हातांपुढे थांबून राहिले.