मेपल हिलची सही

मित्रांनो, मी कॉफीचा एक जुना थर्मास आहे. रंग हिरवा, अंग पोलादी, बुडाशी एक पोचा. झाकण काढून उलटे धरले की त्याचा पेला होतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हॉल्बर्ग जिल्ह्यात एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मी उभा असतो. माझी मालकीण डोरीन स्कोग आधी शाळेची बस चालवायची. मग ती राज्याच्या विधानसभेत गेली आणि पुढे आमच्या जिल्ह्याची प्रमुख झाली. लोक तिला वेळेवर बर्फ काढलेल्या रस्त्यांसाठी ओळखतात. मला मात्र तिची एक सही विसरता येत नाही.

कारखान्यात मला दोन भिंती दिल्या आणि त्यांच्यामधली हवा काढून घेतली. आतली ऊब बाहेर जाऊ नये एवढेच माझे काम. डोरीनच्या नवऱ्याने, आर्विडने, मला गावातल्या दुकानातून आणले. "बसचा हीटर गेला तरी हा गरम राहील," एवढेच तो म्हणाला. रोज पहाटे तो मला भरून तिच्या सीटशेजारी ठेवायचा.

बसच्या वाटेवर मेपल हिल लागायचे. ते जिल्ह्याच्या मालकीचे वृद्धांचे घर होते. तिथे सत्तावन्न खाटा होत्या, आणि तिथे झोपलेले सगळे आसपासच्याच कुणाचे तरी आई-वडील असायचे. एका वर्षी राजधानीतून बातमी आली, की अशा घरांची मदत बंद होणार. डोरीन आठवडाभर अस्वस्थ होती. मग एका संध्याकाळी जेवताना ती आर्विडला म्हणाली, "मी निवडणुकीला उभी राहते."

"आणि बस?" त्याने विचारले.

"बस चालवायला दुसरं कुणीतरी मिळेल."

त्या ऑक्टोबरात आम्ही दारोदार फिरलो. क्लेम पावलाकच्या गोठ्यात आम्ही गेलो तेव्हा तो धारा काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"मत मागायला आलीस होय? दर दोन वर्षांनी कुणीतरी येतं, माझ्या गाईंचं कौतुक करतं आणि जातं."

"मी नाही करणार कौतुक. ती कडेची लंगडतेय तुमची."

क्लेम हसला. त्याची बायको टिली घरातून राय धान्याच्या काळ्या पावाचे काप घेऊन आली. डोरीनने माझ्या झाकणात कॉफी ओतून दोघांना दिली.

"मेपल हिल वाचव गं बाई," टिली म्हणाली. "म्हातारपणी मला तिथेच जायचंय. ह्याच्या हातचं खाऊन मी आठ दिवससुद्धा जगायची नाही."

"वाचवीन," डोरीन म्हणाली.

ती एकसष्ट मतांनी निवडून आली.

पुढची बारा वर्षे मी राजधानी मॅडिसनच्या रस्त्यावर तिच्या गाडीत होतो. विधानसभेत ती फार बोलत नसे, पण मेपल हिलचा विषय निघाला की उभी राहायची. मदत दरवर्षी थोडी कमी व्हायची, आणि तिच्यामुळे थोडी टिकायचीही. मला सगळ्यात आवडायचे ते शनिवार. त्या दिवशी ती गावच्या वाचनालयात बसायची आणि येईल त्याला माझ्यातली कॉफी द्यायची. हात गरम झाले की माणसे खरे बोलतात, हे मी तिथे पाहिले.

त्याच काळात टिलीची स्मरणशक्ती जाऊ लागली. शेवटी क्लेमने तिला मेपल हिलमध्ये नेले. रोज दुपारी तो तिला सूप भरवायला जायचा. आपला नवरा कोण हे ती विसरली होती, पण त्याच्या कपड्यांना गोठ्याचा वास यायचा. "दूधवाले, आज उशीर केलात," असे ती त्याला रागावायची. क्लेम मुकाट्याने माफी मागायचा.

मग डोरीनने जिल्हाप्रमुख व्हायचे ठरवले. "मॅडिसनमध्ये मी नव्व्याण्णव आमदारांतली एक," ती आर्विडला म्हणाली. "इथे माझ्या एका सहीनं काम होईल." तिचे हे म्हणणे खरे ठरले.

नव्या कार्यालयात कॉफीचे यंत्र होते. माझी रवानगी कपाटावर झाली. आत उरलेल्या घोटाला बुरशी आली, तरी कुणी पाहिले नाही. मला त्याचे फारसे दुःख नव्हते. दुःख होते ते शनिवार बंद झाल्याचे. आता भेटायला वेळ घ्यावी लागे, आणि वेळ देण्याचे काम नायलंड नावाचा सल्लागार करी. माणूस वाईट नव्हता. त्याच्यापाशी प्रत्येक गोष्टीचा तक्ता असे.

तिसऱ्या वर्षी मेपल हिलचे छप्पर गळू लागले. परिचारिका सोडून जाऊ लागल्या. एक खासगी कंपनी ते घर विकत घ्यायला तयार झाली. जिल्हा मंडळाच्या एकवीस सभासदांनी मते दिली: विकावे म्हणणारे अकरा, नको म्हणणारे दहा. डोरीनने नकार लिहिला असता तर तो मोडायला दोन तृतीयांश मते लागली असती; अकरा पुरली नसती. सगळे तिच्या हाती होते. विचार करायला सहा दिवस होते.

पाचव्या दिवशी क्लेम आला. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता. नायलंडने त्याला यंत्रातली कॉफी कागदी पेल्यातून दिली. त्याने ती तशीच टेबलावर ठेवली.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी एक्क्याऐंशीचा आहे. गाडी गावापुरती चालवतो. तिला लांब नेलं तर दुपारचं सूप कोण देणार?"

"कुणालाही हलवणार नाहीत, क्लेम. कंपनीनं शब्द दिलाय."

"लिहून दिलाय?"

डोरीनने नायलंडकडे पाहिले. "तसा उद्देश असल्याचं पत्र आहे," नायलंड म्हणाला.

क्लेम उठला. "माझ्या गोठ्यात तू उद्देश म्हणाली नव्हतीस, डोरीन. वाचवीन म्हणाली होतीस."

त्या सहा दिवसांत ती एकदाही मेपल हिलला गेली नाही. गेली असती तर सही झाली नसती, असे मला आजही वाटते. बहुधा तिलाही ते ठाऊक होते, म्हणूनच ती गेली नाही. विकले नाही तर बर्फ काढणारी निम्मी माणसे घरी बसवावी लागतील, हा नायलंडचा तक्ताही खोटा नव्हता. पुढच्या वर्षी निवडणूक होती, हेही खरे होते. सहाव्या दिवशी सकाळी तिने सही केली आणि बराच वेळ पेनाचे टोपण हातात धरून बसली.

सात महिन्यांनी कंपनीने स्मरणशक्ती गेलेल्या लोकांचा विभाग बंद केला. टिलीसह दहा जणांना ऐंशी मैलांवरच्या शहरात नेले.

त्या रविवारी डोरीनने मला कपाटावरून उतरवले, कितीतरी वेळ घासले आणि भरले. आम्ही क्लेमच्या दारी गेलो.

"मी तुम्हाला घेऊन जाते," ती म्हणाली. "दर रविवारी."

क्लेमने खुंटीवरचा कोट घेतला. "मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नका बोलू."

तो मागच्या सीटवर बसला, शाळेच्या पोरासारखा. हिवाळाभर असेच चालले. जाताना ऐंशी मैल आणि येताना ऐंशी मैल, तोंडातून शब्द नाही. टिली आता त्याला दूधवालाही म्हणत नव्हती. त्या इमारतीत औषधांचा वास इतका होता, की गोठ्याचा वास तिच्यापर्यंत पोचतच नसावा. मार्चमधल्या एका मंगळवारी ती गेली. त्या वेळी तिच्याजवळ ओळखीचे कुणीही नव्हते.

डोरीन पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. निरोपाच्या सभेत लोकांनी रस्त्यांबद्दल तिचे आभार मानले. ती म्हणाली, "मेपल हिलच्या बाबतीत मी चुकले." टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी केक कापायला घेतला.

टिलीच्या दफनानंतरच्या रविवारी जायचे कारण उरले नव्हते. तरी डोरीनने सवयीने मला भरले आणि गाडी क्लेमच्या दारात उभी केली. इंजिन बंद करून ती नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने क्लेम टोपी घालून बाहेर आला. या वेळी तो पुढच्या सीटवर बसला.

"कुठे जायचं?" तिने विचारले.

"तिथे आपल्या गावचे नऊ जण अजून आहेत," तो म्हणाला. "त्यांना कोण भेटतं?"

तिला त्याने माफ केले का, हे मला माहीत नाही. तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. आज त्या नऊ जणांतले तिघेच उरले आहेत, आणि रविवारी आम्ही अजून जातो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणाच्या हाती अशी सही येईल. त्या वेळी एवढेच करा. ज्याच्याबद्दल कागद आहे, त्याच्या खाटेपाशी आधी जाऊन बसा. नंतरही जाता येते. पण तोवर ते माणूस फार लांब गेलेले असते.