ओला पदर

"दाखवली एक, दिली एक!"

आसगावला सासरच्या अंगणात नवऱ्याचा, वासुदेवरावांचा, हा आवाज गोदावरीने ऐकला, तेव्हा तिच्या अंगावरची लग्नाची हळदही उतरली नव्हती. तिच्या पाठोपाठ आलेला बाप, आंबागडचा गोमाजी, हात जोडून म्हणत होता, "हेच पोरगी दाखवली जी, हेच दिली." कोणी ऐकलं नाही. ज्या बैलगाडीतून ती आली, तिच्यातूनच परत गेली.

गोदावरीच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी माता येऊन गेली होती. माय दळताना गायची :

*जात्यातून पीठ पडे, जसं सांडलं चांदणं,*
*माझ्या लेकीच्या गालावर माता गोंदते गोंदणं.*

हे गोंदण कोणी लपवलं नव्हतं. मुलगी पाहायला आले तेव्हा वासुदेवरावांची आई चंद्रभागाबाई पुढे सरकली होती. पदराचं टोक लोट्यात बुडवून तिने मुलीचं तोंड पुसून पाहिलं होतं. पावडर थापून तर बसवली नाही ना, हे बघायची त्या घरची रीत. वासुदेवराव तिथेच, हातभर अंतरावर बसले होते. सगळं पाहूनच होकार दिला होता. मग तेच तोंड लग्नानंतर दुसरं कसं झालं? त्या दिवशी अंगणातून गोदावरीने सासूकडे पाहिलं होतं. सासू चुलीतलं लाकूड मागेपुढे करत बसली.

पुढच्या उन्हाळ्यात वासुदेवरावांनी मोठ्या घरची बायको आणली. गोमाजीला मात्र नाव पडलं, पोरगी बदलणारा. गोदावरीच्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं की त्याच्या आधी ते नाव पोचायचं. गोमाजी बांधावरून चालताना मान वर करेनासा झाला. तसाच, खाली बघतच, एक दिवस वारला.

गोदावरी तुमसरला मामाकडे राहिली. सेवकराममामा नाटकांचे पडदे रंगवायचा : महाल, जंगल, रस्ता. तिने आधी रंग कालवले, मग पानं काढली, मग माणसं. मामाची नजर मंदावली तेव्हापासून पडद्यावर सही मामाची आणि हात तिचा. एक गोष्ट तिने हेरली होती. लोक महाल बघतात नि पुढे सरकतात. चेहऱ्यापाशी मात्र थांबतात. रंगवलेला चेहरा उलट बोलत नाही, नजरही वळवत नाही. त्याच्याकडे हवं तेवढं बघता येतं. तिच्या चेहऱ्याकडे असं कोणी थांबून बघितलं नव्हतं.

बरीच वर्षं उलटली, आणि एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीआधी आसगावहून निरोप आला. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाला नवा दर्शनी पडदा पाहिजे, आणि मधोमध, वेलबुट्टीच्या गोलात, मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा. अध्यक्ष वासुदेवराव.

"नाही म्हणून सांगू का, गोदे?" मामाने विचारलं.

"काहून? एवढ्या वर्षानं देव त्याचं तोंड माह्या हातात देऊन राहिला, अन् तुमी नाही म्हणता?"

ती गेली. वासुदेवराव फेटा बांधून ओसरीवर बसले. "बाईमाणूस पडदे रंगवते का आता?" एवढंच हसून म्हणाले. तिला ओळखलं नाही. आपलं चित्र काढून घेणारा माणूस समोरच्याकडे बघतो कुठे? कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या चंद्रभागाबाईचे हात मात्र थांबले. थोड्या वेळाने तिने पाण्याचा गडू आणून ठेवला. "घे बाई," म्हणाली, आणि तिच्या गालांवरच्या वणांकडे बघतच आत गेली.

गोदावरीने कोळशाने कागदावर चेहरा काढला. नाक सरळ, मिशी भरदार, हनुवटी तिशीतली.

"व्वा! असाच दिसतो मी," वासुदेवराव खूश झाले. "हेच काढ पडद्यावर."

"हो जी," ती म्हणाली.

पण बसल्या बसल्या तिने दुसरंच काही डोळ्यांत भरून घेतलं होतं. डावा डोळा उजव्याहून बारीक. गळ्याखाली लोंबणारी कातडी. आणि थाप मारताना ओठाचा एक कोपरा वर चढतो, तो. त्या अंगणातही तो तसाच चढला होता.

पडद्याचा रंग सरसात, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या गोंदात, कालवलेला असतो, ओला हात लागला की उतरतो. त्या एका चेहऱ्यासाठी तिने तेलाचे रंग घेतले. रंगवताना ती मायची ओवी गुणगुणत होती. गोडव्याने नव्हे, सुरीला धार लावताना दगड गुणगुणतो तशी. बापाने जे कधी केलं नव्हतं, ते ती आता मुद्दाम करत होती.

मंडईच्या दुपारी, मंच बांधायच्या आधी, पडदा मैदानात बांबूला टांगून उलगडला. गाव गोळा झालं.

सगळे पडद्याजवळ सरकले. मग ढोलकीवाला डोमा म्हणाला, "अबे, मालकच हायेत! आता वरडतीन आपल्यावर!"

हशा पिकला. "तो ओठ पाहा ना! धान घ्याले आले, भाव सांगाले लागले की असाच होते!" "अन् डोळा! बारीक करून पाहून राहिले आपल्याकडे!" बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि कोणालाच पडद्यावरून नजर काढवत नव्हती.

वासुदेवरावांचा चेहरा काळानिळा झाला. "हा मी नाही! कागदावर दुसराच होता!" गोदावरीकडे बोट रोखून ते ओरडले, "दाखवलं एक, दिलं एक!"

गोदावरी याचीच वाट पाहत होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. वण भर उन्हात आले.

"आंबागडच्या गोमाजीची लेक हाव मी," ती म्हणाली. "हे वाक्य तुमीच शिकवलं, मालक. माह्या बापानं असं केलं नव्हतं. म्हटलं, आपण करून पाहावं."

हशा विझला. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. वासुदेवराव म्हणाले, "खोटं बोलून राहिली! बापानं फसवलं, आता लेक फसवते!" आणि बोलताना ओठाचा कोपरा वर चढला. लोकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

चंद्रभागाबाई बायांमधून उठली. काठी टेकत पाण्याच्या माठापाशी गेली, पदराचं टोक बुडवलं, आणि पडद्यावरच्या लेकाचं तोंड पुसू लागली. कपाळ, गाल, वर चढलेला ओठ. मग पदर उलगडून उन्हात धरला. कोरा होता.

"रंग उतरत नाही," ती म्हणाली. "हा तूच होय."

"माय, घरी चाल."

"तवाही मीनंच पुसलं होतं, वासुदेवा. तू बाजूलेच बसला होता. वण मले दिसले, तुलेही दिसले. मंग ऐन लगनात मोठ्या घरचा सांगावा आला, तुहं मन फिरलं, अन् मी चूप राह्यली." तिने गोदावरीकडे तोंड वळवलं. "तुह्या बापानं पोरगी नाही बदलली, बाई. जे दाखवली, तेच दिली."