एक किल्ली, दोन दारे

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो, आणि मी भित्री आहे. घाबरायचे ते चोरांनी, किल्लीने कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जिला कोणीही कुठेही विसरू शकते, तिने घाबरायचे नाही तर कोणी?

एका किल्लीवाल्याने पितळेचा तुकडा चिमट्यात धरला, कानशीने घासघास घासला आणि मला घडवले. माझ्याबरोबर एक जुळी बहीणही जन्मली होती. ती वर्षभरातच हरवली. तेव्हापासून एका लहानशा इस्पितळातल्या तातडीच्या औषधांच्या कपाटाची मी एकुलती एक किल्ली झाले. एकुलत्या एकीचे लाड होतात म्हणे. माझ्या वाट्याला लाड कमी आणि धास्तीच जास्त आली. ‘दुसरी करून घेऊ’ असे दर वर्षी कोणीतरी म्हणायचे आणि ते म्हणण्यावरच राहायचे.

कपाट मोठे नाठाळ. त्याचे दार एका बाजूला झुकलेले. ते गुडघ्याने किंचित उचलल्याशिवाय मी कुलपात फिरतच नसे. ही युक्ती ताईंना जमायची. ताई म्हणजे औषधांची खोली सांभाळणाऱ्या बाई. इस्पितळ ज्यांचे होते त्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “ताई असल्या म्हणजे मला कपाटाकडे बघावं लागत नाही.” ते ऐकून ताई मान खाली घालून हसायच्या. मलाही उगाच दोन बोटे उंच झाल्यासारखे वाटायचे.

मग ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने दार न उचलताच मला जोर लावून पिरगळले. माझी मान वाकडी झाली ती कायमची. रोज सकाळी वाटायचे, आज मी कुलपातच मोडणार. रजा संपवून ताई परत आल्या, तेव्हा त्यांनी माझी मान अंगठ्याने चाचपली आणि पुटपुटल्या, “काय हाल केलेत गं तुझे.” मला रडू आले असते, पण पितळेला ती सोय नाही.

मात्र आता ताईच बदलल्या होत्या. फोन वाजला की त्यांची मूठ आवळायची आणि माझे दात त्यांच्या तळव्यात रुतायचे. दिवसभर त्या मला आपल्या घराच्या किल्लीच्या कड्यात अडकवून ठेवत आणि घरी जाताना काढून डॉक्टरीणबाईंकडे देत. त्या कड्यात घरच्या किल्लीने मला सगळे सांगितले. ताईंच्या लेकीला, पिटूला, सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू गाव सोडून मुलाकडे गेल्या. मग पाळणाघर झाले, पण पिटूचे नाक गळायला लागले की ‘घेऊन जा’ म्हणून तिथून फोन यायचा. ताईंचे यजमान लांब पल्ल्याची गाडी चालवायचे. त्यांचा अर्धा आठवडा रस्त्यावरच जायचा. शेवटी यजमानांच्या आत्याबाई राहायला आल्या. आत्याबाई मायाळू होत्या, पण त्यांना साखरेचा आजार होता, आणि दाराला आतून कडी लावायची जुनी सवय.

एका दुपारी फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या बाई सांगत होत्या की पोर केव्हाचे रडते आहे आणि दार कोणी उघडत नाही. ताईंनी हातातले काम तसेच टाकले. नर्सबाईंना “आलेच” एवढे सांगून त्या धावत सुटल्या. कडे हातातच राहिले. भर रस्त्यात माझ्या लक्षात आले की मी बाहेर आहे आणि कपाट बंद आहे. मला ओरडायचे होते. पण किल्लीचे कोण ऐकणार?

घरची किल्ली कुलपात पूर्ण फिरली, तरी दार हलले नाही. आतून कडी होती. “मी उघडलं गं, माझं काम मी केलं,” ती बिचारी म्हणत राहिली. आत पिटू रडत होती. आणि मग तिचे रडणे थांबले. मित्रांनो, मी आयुष्यभर बंद कुलपांत राहिले आहे, पण तशी शांतता कधी ऐकली नाही. ताई दाराला कपाळ टेकून “पिटू, आई आलीय” एवढेच म्हणत होत्या.

दोघा शेजाऱ्यांनी खांदे लावून कडी उखडली. आत्याबाई साखर उतरल्याने घेरी येऊन स्वयंपाकघरात पडल्या होत्या. पिटू रांगत त्यांच्यापर्यंत गेली होती आणि रडून रडून त्यांच्या कुशीत झोपली होती. साखरेचे पाणी तोंडात गेल्यावर आत्याबाईंनी डोळे उघडले. पहिला शब्द निघाला तो “पोर कुठंय?”

ताईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच इस्पितळातून फोन आला. दम लागलेले एक आजोबा आले होते आणि कपाट बंद होते. कोणीतरी समोरच्या दुकानातून औषध पळत जाऊन आणले. आजोबा वाचले. पण तेवढा वेळ ते तोंड उघडून हवा शोधत होते आणि मी एका अनोळखी दारापाशी लोंबकळत होते. ते आठवले की अजून माझे पितळ गार पडते.

इस्पितळात ताईंना कोणी शब्दाने बोलले नाही. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. आत्याबाई आपल्या मुलाकडे गेल्या. यजमानांनी गाडीवरचे काम सोडले तर घर चालणार नव्हते. शेवटी ताई डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पळून गेली म्हणतील, पुन्हा कोणी दारात उभे करणार नाही, ही धाकधूक त्यांच्या मुठीतून मला कळत होती.

“मी रागावून जात नाहीये,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून तोंड लपवायलाही नाही. इथं असले की जीव घरी असतो आणि घरी गेले की या कपाटात. दोन्हीकडे मी अर्धीच. नवीन माणूस तयार करून देते, मग मला जाऊ द्या.”

“बाळ मोठं झालं की परत याल?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“बोलवाल?”

“बोलवायचंय. तेव्हा जागा असेल, असं मात्र आज सांगू शकत नाही.”

ताईंनी मान हलवली. खोटा धीर मिळाला नाही, म्हणून त्यांनी आभारच मानले.

तेवढ्यापुरती यजमानांनी रजा काढली. ताईंनी नव्या बाईंच्या हातावर हात ठेवून शिकवले, “आधी दार उचला, मग किल्ली. हिची मान दुखरी आहे, जोर लावू नका.” शेवटच्या दिवशी त्यांनी मला कड्यातून काढले, रोज काढत तसेच, आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवले. कड्यात घरची किल्ली एकटीच उरली. ताई निघाल्या तेव्हा ती वाजली नाही. एकट्या किल्लीला वाजता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी किल्लीवाल्याला बोलावले. त्याच्यासमोरचा चहा निवायच्या आत माझी जोडीदारीण तयार झाली. इतकी वर्षे अडले ते काम एवढेसे होते. ताईंच्या घराला दुसरा हात मात्र कोणी करून दिला नाही.

परवा नव्या बाईंचा फोन वाजला. त्यांचाही लहान मुलगा घरी असतो. त्यांची मूठ माझ्यावर आवळली आणि ती पकड मला ओळखीची वाटली. कपाटाची आता मला चिंता नाही, त्याला दोन किल्ल्या आहेत. म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. तुमच्या शेजारी बंद दारामागे एखादे बाळ रडत असेल, तर कडी उखडायची वेळ येईपर्यंत थांबू नका. आधीच जा आणि विचारा, थोडा वेळ आम्ही बसू का याच्याजवळ?