आंबट नसलेला चक्का

पंचफुलाबाईंच्या हातचं श्रीखंड दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत नावाजलेलं. चक्क्याला नुसतं बोट लावून तो कालचा की परवाचा हे त्या सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते अडाणीपणानं नाही, जास्तीच्या शहाणपणानं झालं.

वैशाख तापला होता. नवी सून विजया सकाळच्या लोकलनं दुर्गला बी.ए.चा पेपर द्यायला निघाली. संध्याकाळी तिचे आईवडील लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि भाजी तीच करणार होती. जाताजाता दारातूनच म्हणाली, "आई, माठापाशी पातेलं आहे, जरा ध्यान ठेवजा. खराब नको व्हायला."

पंचफुलाबाईंनी झाकण उचललं. थंड पाण्यात पांढरं फडकं, फडक्यात पांढरा गोळा. चक्का! पोरगी श्रीखंडही करते की काय? पण चक्का पाण्यात बुडवतं का कोणी? त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला. आंबटपणाचं नाव नाही. विहीणबाईंच्या पानात असलं मिळमिळीत श्रीखंड पडलं, तर लोक सुनेला नाही, सासूला हसतील. त्यांनी गोळा पाण्यातून काढला, फडकं घट्ट बांधलं आणि शेगडीजवळच्या खुंटीला टांगलं. दुपारी तीनला वास घेतला. "आंबला एकदाचा!" म्हणत तो उतरवला, पातेल्यातलं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा त्यातच ठेवला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

चार वाजता विजया आली आणि तिनं झाकण काढलं. गोळा बोटांना चिकट लागला, कडेनं पिवळा पडलेला, आणि वास तर विचारू नका.

"पनीर तो गया," ती म्हणाली. "माझंच चुकलं, आई. पाणी कमी टाकलं, सारं आटून गेलं. दुपारी पाणी बदला म्हणून सांगाचंही राहिलं. आता बाबा काय म्हणतील?"

"पनीर म्हणजे काय वं?"

"दूध फाडून करतात. माहेरी, वैशाली नगरच्या शेजारीणबाईंनी शिकवलं. ताजं गोड लागते. आंबलं की फेकाचं."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पंचफुलाबाईंना गप्प बसणं सोपं होतं. दोष सुनेनं स्वतःच अंगावर घेतला होता. पण ते रडवेलं तोंड त्यांना बघवेना.

"तुह्यं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "मीच टांगलं शेगडीपाशी. मले वाटलं चक्का हाय. म्हटलं, हा आंबत कावून नाही!"

विजया अशी हसत सुटली, की पंचफुलाबाईंनाही हसू आवरेना.

"पुरे आता. नवं कराले किती वेळ लागते?"

"दूध असलं तर तासभर."

दूध होतं, सकाळीच आलेलं. पण पंचफुलाबाईंनी उभ्या जन्मात घरात दूध नासू दिलं नव्हतं. दूध नासलं की दिवस वाईट जातो, ही त्यांची पक्की समजूत. आणि आज तर व्याही यायचे. सुनेनं लिंबू कापलं, पण सासूच्या त्या समजुतीपायी पिळायला तिचा हात धजेना. शेवटी पंचफुलाबाईंनीच ते हिसकून घेतलं, डोळे मिटले आणि उकळत्या दुधात पिळलं. "नास बाप्पा एकदाचं!"

पंगत बसली. पहिल्याच घासाला विहीण अन्नपूर्णाबाई थांबल्या. "पनीर मस्त मऊ झालं वं! कोणी केलं?"

"आईंनी दूध नासवलं," विजया म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी लेकीवर डोळे वटारले. चारचौघांत सासूबद्दल असं बोलतात?

पंचफुलाबाई मात्र तोंडाला पदर लावून गदगदा हसत होत्या. "खरं बोलून राहिली पोरगी," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही याल तवा पुन्हा नासवीन."