जर्मनी की स्पेन?

चांगली बातमी असली की कारखान्यात चॉकलेटचा डबा फिरवायचा, ही आमच्याकडची पद्धत. नातू झाला, डबा. गाडी घेतली, डबा. या हिवाळ्यात मात्र डबा फिरायचा तो एकाच कारणासाठी. शिलाई मशीन सोडून परदेशी कामाला निघालेली बाई डबा पुढे करायची आणि आम्ही चॉकलेट उचलताना विचारायचो, "जर्मनी की स्पेन?"

अर्ध्या मशीन झाकलेल्या होत्या. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता, कारण धाकटी बहीण नेवेना स्पेनहून रोज फोन करायची.

"ताई, लिंबांच्या गोदामात तुझ्यासाठी एक जागा धरून ठेवलीय. पुढच्या शनिवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला देतील."

मला जायचं नव्हतं. मुलगी शाळेत, तिला कुणाच्या भरवशावर टाकू? पण इथल्या पगारात भागतही नव्हतं.

त्यातच वसंत लागला आणि ईस्टरच्या आधीचा, फुलांचा रविवार आला. फुलांची नावं असलेल्यांचा हा सण, आणि मी तेमेनुगा, म्हणजे रानातलं जांभळं फूल. दरवर्षी मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात घरची, चीज भरून भाजलेली बनित्सा न्यायची. यंदा भाजायला उसंत मिळाली नाही, म्हणून चॉकलेटचा विकतचा डबा घेऊन गेले.

दारातच मालक भेटला, स्त्राहिल. डबा बघून त्याची पाचावर धारण बसली.

"तूसुद्धा? अगं, कॉलर बसवणारी तू एकटीच उरलीस! पगार वाढवतो. खिडकीजवळची जागा घे. पण जाऊ नकोस, बाई."

सणाचा डबा आहे हो, असं ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं पगार वाढवा म्हटलं की हा माणूस 'बाजार मंदा आहे' म्हणून खांदे उडवायचा. मी डबा उघडला.

"बघते," म्हणाले. "चॉकलेट तरी घ्या."

त्याने घेतलं नाही.

शेजारच्या मशीनवरची रुसका हसून बेजार झाली. "भवाने! त्याला सांगितलंस तरी का, तुझा सण आहे म्हणून?"

"त्याने विचारलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी रुसकाने डबा आणला. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींनी. मालकाने घाम पुसत सगळ्यांचाच पगार वाढवला. शनिवारी मी नेवेनाला नाही म्हणून कळवलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती ओरडली. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी मालकच डबा घेऊन आला. आधी कुणाला काही कळेना. मग तो खाली बघत बोलला. आमचे शर्ट घेणारा इटलीचा व्यापारी भाव वाढवून द्यायला तयार नव्हता. शर्टांचं काम त्याने ट्युनिशियाला नेलं. महिनाअखेरीस कुलूप.

एकही मशीन चालत नव्हती. डबा माझ्यापुढे आला. मला राग आला होता, त्याचा, त्या इटलीवाल्याचा आणि माझाही. तरी चॉकलेट उचललं आणि सवयीने विचारलं, "जर्मनी की स्पेन?"

"जर्मनी," स्त्राहिल म्हणाला. "मेहुणा ट्रकवर लावतोय."

"आणि आम्ही?" रुसकाने विचारलं.

"घ्या ना," तो म्हणाला. "दोन-दोन घ्या."

अशा वेळी 'सुखी राहा, धडधाकट राहा' म्हणायचं असतं. ते मी म्हटलं. मग अंगणात जाऊन नेवेनाला फोन लावला. ती उचलेना.